आजा-आजीचं शेवटचं दुखणं : तुमच्या आठवणी

पितृपक्ष लागला की आमच्या घरी दरवर्षी वाद : आज्याच्या पानावर पाटोडी वाढायची की वडे? त्यावरूनच हा धागा काढावासा वाटला. "देवमाणूस होता" हे सगळेच लिहितात, ते राहू द्या. दुखण्यातला माणूस सांगा. काय मागायचा, कोणावर उखडायचा.

दारव्ह्याकडून

आबाजींना खर्र्याचा नाद. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून बसल्या बसल्या घोटत राहायचे. तोंड धड उघडेना तेव्हा दाढ दुखते म्हणाले. नागपूरला गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर बोलणं गेलं, नाकात नळी आली, म्हणून माझ्या पोराची पाटी त्यांच्या उशाशी.

२०२३ चं साल ते. आदल्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेलेला, त्यामुळे गावात कोणी विकायलाच तयार नाही. आमच्या मधल्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस आणि घरात सगळ्यांच्या अंगाला खाज. आई पार वैतागली होती. आबाजींच्या पाटीवर ना पाणी, ना गोळी. एकच : "इकू नोका." नागपूरहून कॅन्सरचे शेक (रेडिएशन) घेऊन आले की खाटेवर टेकायच्या आधी त्या खोलीत डोकवायचे, मूठभर सरकी-रुई हातात घेऊन दाबून पाहायचे. तेरवी झाल्यावर बाबांनी विकला, सात हजारांच्या आसपास. आबाजी असते तर पाटी फेकून मारली असती.

बाळापूरकडून

आमचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. आजीने उभा जन्म गोड्या पाण्याचे गुंड डोक्यावरून वाहिले आणि शेवटी डॉक्टरांनी दिवसाला मोजून पाणी सांगितलं. किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. गाव म्हणे खाऱ्या पाण्याने झालं, डॉक्टर म्हणाले शुगरने. मला दोन्ही पटतं. ती मात्र फक्त माझ्या वहिनीला दोष द्यायची, ती ग्लास मोजून भरायची म्हणून! "पान्याची चोरटी" म्हणायची तिला. वहिनी आजही ते नाव सांगून हसते, मग उठून आत जाते.

आर्वीकडून

थोडक्यात लिहितो. आजीला टीबी. ताट-वाटी तिने आपणहून वेगळी केली. तो खोकल्यातून पसरतो, ताटातून नाही, हे आशाताई सांगून थकल्या. ऐकेल तर आजी कसली!

तिवस्याकडून

आजोबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, घरचे लपवत होते. कळल्यावर म्हणाले, "महाराजायलेही कॅन्सरच झाला होता." तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, ते कॅन्सरनेच. त्या दुखण्याचा आजोबांना जवळजवळ अभिमानच होता, आणि आजीला नेमका त्याचाच संताप. पुण्यतिथीला मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असतं. त्या वर्षी जायची ताकद नव्हती. घरीच भगवी टोपी घालून, दोन उश्यांना टेकून बसले. नेमका तेव्हाच भंगारवाला भोंगा लावून आला. आजोबांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटला.

उमरेडकडून

आमच्या आजीला लकवा झाला. शब्द सगळे गेले, शिव्या तेवढ्या शाबूत! मेंदूच्या झटक्यात असं होतं म्हणे. पाणी हवं तरी शिवी, उशी हवी तरी शिवी, आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. आई त्या बरोब्बर ओळखायची. नवस फेडायला आलेल्या मोठ्या मामींना आजीने खणखणीत स्वागत ऐकवलं. मामींना राग आला. आई म्हणाली, "अवं, बसा म्हणते ते."