मदत हवी आहे: वाचनालयाची पुस्तकं गूगलवर सापडत नाहीत

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. पुस्तकांची यादी पूर्वी श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) टाइप केलेली, तिच्याच पीडीएफ चढवल्यात. त्यातला मजकूर कॉपी केला की भलतीच रोमन अक्षरं उमटतात, मग गूगलला तरी काय कळणार! आता यादी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखीच वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरांत) आणतोय, पण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं फार बिघडतात. खात्रीचा कन्व्हर्टर कोणी वापरलाय का?

शिवाय वेबसाइटच्या पानांचे पत्ते (लिंक) देवनागरीत असल्यामुळे व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ जाते. ते रोमनमध्ये करून जुन्या पत्त्यांवर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावावं म्हणतोय. योग्य होईल का? जुने दिवाळी अंक शोधणाऱ्यांना ते आमच्याकडे आहेत हे कळायलाच हवं. जाणकारांनी कृपया सांगा.