हाताने काढलेला नकाशा 'रंगवलेला' कसा दिसेल?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. भाच्याने एक राज्य रचलंय: सात बेटं, एक खाडी, एक मगरींची नदी (मगरी कुठून सुचल्या ते आमच्या विश्वामित्रीला विचारा). सुट्टीत मी त्याचा नकाशा कार्ट्रिज कागदावर काळ्या जेल पेनने काढून दिला. रेषा झकास आल्यात, पण दिसतो भूगोलाच्या वहीतला. मला तो कुंचल्याने रंगवलेला हवाय.

दोन उद्योग करून झाले. कोपऱ्यात जलरंग लावून पाहिला, तर शाई फुटून उत्तरेचा अख्खा डोंगर समुद्रात उतरला आणि कागद पापडासारखा वळला. नशीब, आधी स्कॅन करून ठेवला होता. मग गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये तैलचित्राचा फिल्टर मारला. 'राक्षसखिंड' या अक्षरांची काळी अळी झाली. जुन्या कागदाचं टेक्श्चर चढवलं, तर थेट लग्नपत्रिका! भाचा म्हणाला, "आत्या, पहिलाच बरा होता."

टवाळ
एआयला द्या की. दोन मिनिटांत काम.

रेघोट्या
दिला होता. त्याने दोन बेटं खाल्ली.

खडूवाले काका
ताई, मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून जरा लांबण लावतो. फिल्टर डोंगर, अक्षरं, समुद्र सगळ्यांवरून सारखाच फिरतो. रंगवणारा कुठे भरतो, कुठे कागद कोराच सोडतो. ते सोडणंच तुमच्या नकाशात आणायचंय.

मूळ कागदाला आता हात लावू नका. स्कॅनमधली अक्षरं पुसा आणि लेझर प्रिंटरवर जरा जाड ड्रॉइंग पेपरवर प्रत काढा. टोनर, म्हणजे त्या प्रिंटरची काळी पूड, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रेषा फुटणार नाही. चारही कडा गम टेपने पाटीला चिकटवा, पूर्ण वाळेपर्यंत सोडवू नका.

रंग तीनच घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). शेवटचे दोन मिसळले की करडा होतो, तो कागदाच्या खाचांत दाणेदार बसतो. बाटलीतल्या काळ्यात ती गंमत नाही. आधी ऑकरचा अगदी पातळ हात सगळ्या जमिनीवर, वाळू द्या, मग सावल्या. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून धरा, म्हणजे प्रत्येक डोंगराची उजवी उतरण करडी. नकाशेवाले पूर्वीपासून असंच करतात; उजेड खालून धरला तर डोंगर खड्ड्यासारखा दिसतो. किनाऱ्यालगत निळी रेघ ओढा आणि ती ओली असतानाच नुसत्या पाण्याच्या कुंचल्याने समुद्राकडे ओढत न्या. अक्षरं सगळ्यात शेवटी.

आणि बडोद्यात राहता, तर कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं पाहून या. मुलांना नेत असे तेव्हा एकच सांगायचो: आधी लांबून बघा, मग जवळ जा, रेघ शोधा.

इंदूरकर
स्क्रीनवरच करायचं असेल तर क्रिटा हे रंगवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रेषांचा लेयर सगळ्यात वर, 'मल्टिप्लाय' मोडवर. पांढरं नाहीसं होतं, रंग खाली भरायचा. रेषेचा काळा बदलून गडद तपकिरी करा, निम्मा फरक तिथेच पडतो.

रेघोट्या
काका, झालं! झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये जाड कागद दोनदा अडकला, तिसऱ्यांदा निघाला (त्याची बडबड इथे लिहिण्यासारखी नाही). पहिल्या तीन डोंगरांना सावली डावीकडे देऊन बसले, त्यांना आता 'शापित डोंगर' म्हणतो आम्ही. नदीत मात्र एक आगाऊपणा केला. रंग ओलसर असताना वरून चिमूटभर जाडं मीठ टाकलं. वाळल्यावर झटकलं, तर फिकट ठिपके ठिपके, हुबेहूब मगरीची पाठ.

भाच्याने नकाशा उचलून नेलाय. अक्षरं लिहायची राहिलीत, पण तो परत द्यायला तयार नाही.