चार्ट 'मेला' म्हणणाऱ्यांनी तो जिवंत कधी होता, तेही सांगावे

चौकटीची_वही:
गेल्या आठवड्यात 'रविवार_संध्याकाळ' यांनी येथे लिहिले की ब्रिटिश सिंगल्स चार्टच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या खपावरून लागणाऱ्या क्रमवारीच्या, साप्ताहिक चढउताराला काही अर्थ उरलेला नाही. एकच गाणे महिनोन्‌महिने ठाण मांडून बसते, खाली येते तेही नियमाने ढकलले म्हणून, तेव्हा शुक्रवारच्या आकड्यांवरची चर्चा येथे बंद करावी, असे त्यांचे म्हणणे. दोन ओळींत उत्तर देणार होते, पण 'बंद करावी' हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात.

ज्या सचोटीच्या काळासाठी हा गळा काढला जातो, त्याची सुरुवात 14 नोव्हेंबर 1952 रोजी झाली. एनएमई या संगीत साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी रेकॉर्डच्या वीसेक दुकानांना फोन लावले, बेरीज केली आणि गायक अल मार्टिनो पहिले आले. 1963 मध्ये बीटल्सचे 'प्लीज प्लीज मी' एका यादीत पहिले होते आणि दुसरीत दुसरे, म्हणजे देशाने काय विकत घेतले हे आपण कोणते नियतकालिक घेतो यावर ठरत असे! 1969 पासून ठरावीक दुकानांच्या विक्री टिपलेल्या डायऱ्या टपालाने जाऊ लागल्या, तर कोणती दुकाने मोजली जातात याचा सुगावा लावून आपलीच रेकॉर्ड विकत घ्यायला माणसे पाठवण्याचा उद्योग सुरू झाला. आणि 2000 साली चाळीसहून अधिक गाणी पहिल्या क्रमांकावर आली, ती काय रसिकतेला पूर आला म्हणून? पहिल्या आठवड्यात सीडी स्वस्तात द्यायची, दुसऱ्या आठवड्यात किंमत वाढवायची, की गाणे थेट शिखरावर अवतरते आणि पुढच्या रविवारी घरंगळते. त्या घरंगळण्याला आपण चैतन्य म्हणता.

मी लेस्टरमध्ये वाढले. चौकटीच्या वहीत दर रविवारी चाळीस क्रमांक आणि वर-खाली जाणारे बाण लिहीत असे. वडिलांना वाटे, मुलगी गणिते सोडवते आहे. एक प्रकारे तेच चालले होते.

रविवार_संध्याकाळ:
ताई, इतिहास मलाही ठाऊक आहे. लबाड्या होत्या, हे मान्य. परंतु त्या सगळ्या यादीत मोजली जाणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे कोणीतरी खिशात हात घालणे. 1988 साली आम्ही लंडनजवळच्या स्लाउमध्ये राहत होतो आणि माझे आठवड्याचे खाऊचे पैसे एका सात इंची रेकॉर्डमध्ये संपत. दुकानात दोन रेकॉर्ड हातात धरून मी अर्धा तास उभा असे आणि शेवटी एक परत ठेवत असे. त्या परत ठेवण्यात मत होते. आज एखाद्याच्या फोनवर व्यायामशाळेत तीच तीच यादी आपोआप वाजते आणि तीही मतदान म्हणून धरली जाते.

आता उताराच्या नियमाविषयी, कारण त्याला आपण सोयीस्कर बगल दिली. इंटरनेटवर गाणे एकदा वाजले की एक स्ट्रीम; सशुल्क 100 स्ट्रीम म्हणजे एक विक्री आणि फुकटचे 600 म्हणजे एक. दहा आठवडे उलटल्यावर सलग तीन आठवडे उतार लागला, की हेच प्रमाण 200 आणि 1200 होते. समजा, एका गाण्याला आठवड्यात 40 लाख सशुल्क स्ट्रीम मिळतात. ते गुरुवारी 40,000 विक्रीचे असते आणि नियम लागला की शुक्रवारी 20,000 चे. त्या आठवड्यात एकाही श्रोत्याने पाठ फिरवलेली नसताना ते पंधरा पायऱ्या कोसळते आणि आपण वहीत खाली जाणारा बाण काढता. तो बाण कोणाचा, श्रोत्यांचा की नियम करणाऱ्यांचा?

आकडेमोड:
दोघांच्याही लिखाणात आवेश अधिक आहे. नियम हवेतून पडले नाहीत. मार्च 2017 मध्ये एड शीरनच्या नव्या अल्बममधील सोळाच्या सोळा गाणी पहिल्या विसात होती आणि पहिल्या दहातील नऊ त्याचीच होती. त्या यादीला सिंगल्स चार्ट म्हणणे म्हणजे एकाच घरच्या लग्नपत्रिकेला मतदार यादी म्हणणे होय. त्यानंतर जुलैमध्ये मुख्य कलाकारामागे तीन गाण्यांची मर्यादा आली आणि उताराचा नियमही आला.

मात्र स्ट्रीममुळे चढउतार संपला, हे चूक आहे. 'लास्ट ख्रिसमस' 1984 मध्ये बँड एड या कलाकारसमूहाच्या गाण्यामागे दुसऱ्या क्रमांकावर अडकले आणि 1 जानेवारी 2021 च्या चार्टमध्ये प्रथमच शिखरावर आले. केट बुशचे 'रनिंग अप दॅट हिल' 1985 मध्ये तिसरे होते, ते जून 2022 मध्ये पहिले आले, आणि तेही जुन्या गाण्यांना आपोआप लागणाऱ्या कडक प्रमाणातून सूट मिळाल्यावर. किलर्सचे 'मिस्टर ब्राइटसाइड' 2004 मध्ये दहाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही, पण पहिल्या शंभरात त्याने 400 हून अधिक आठवडे काढले आहेत. विकत घेतलेली वस्तू माणूस दर आठवड्याला पुन्हा विकत घेत नाही, म्हणून हे प्रेम जुन्या पद्धतीला दिसलेच नसते.

साउथॉलचा_जावई:
खिशात हात घालण्याची एवढी महती चालली आहे, तर एक विचारतो. आमच्या खिशांचे काय? ऐंशीच्या दशकात अलाप आणि हीरा या बँडच्या भांगडा कॅसेट ब्रिटनभर खपत होत्या. माझ्या पत्नीच्या मामांचे लंडनच्या पंजाबी वस्तीत, साउथॉलमध्ये, किराणा दुकान होते. पिठाच्या गोण्यांच्या वर, अगरबत्तीच्या बाजूला कॅसेटची फळी होती आणि शनिवारी दुपारपर्यंत ती रिकामी होत असे. मामांकडे ना कधी डायरी आली, ना पुढे मोजणीचे यंत्र आले. जे दुकान मोजलेच नाही, तेथील गिऱ्हाईक त्या यादीच्या लेखी देशात राहतच नव्हते. आपला तो सोनेरी चार्ट म्हणजे ठरावीक रस्त्यांवरील ठरावीक दुकानांचा हिशेब होता.

रविवार_संध्याकाळ:
हे अवांतर आहे. शिवाय, कॉर्नरशॉप या बँडचे आशाबाई भोसल्यांवरचे गाणे 1998 मध्ये पहिले आले, पंजाबी एमसी या कलाकाराचे भांगडा गाणे 2003 मध्ये पाचवे आले. दार बंद असते तर ते आत कसे आले असते?

साउथॉलचा_जावई:
अवांतर नव्हे, मूळ मुद्दा हाच आहे! सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंना मानवंदना देणारे ते गाणे 1997 मध्ये प्रथम आले, तेव्हा साठाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते. नॉर्मन कुक या डीजेने ते नाचायला सोयीचे करून दिल्यावर दार उघडले. आपण सोयीचा आकडा तेवढा उचलता. वीस वर्षे एका समाजाचा पैसा शून्य धरला गेला आणि त्यावर आपण 'अवांतर' असा शिक्का मारता, याला काय म्हणावे?

पाचगणीकर:
मग क्वीन बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी राहिले की! आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या मुलाचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' 1975 च्या अखेरीपासून नऊ आठवडे पहिले होते आणि 1991 मध्ये पुन्हा पहिले आले.

साउथॉलचा_जावई:
साहेब, ती रेकॉर्ड पिठाच्या गोणीवर विकली जात नव्हती.

आकडेमोड:
जावईबापू, आपला संताप योग्य असला तरी एक गफलत होते आहे. मामा ज्या कॅसेट विकत होते, ते बहुतांशी अल्बम होते. मामांचे दुकान मोजले गेले असते, तरी त्यांचा हिशेब अल्बमच्या चार्टमध्ये लागला असता. सिंगल्स चार्टमध्ये त्या येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय त्या कॅसेटच्या चोरट्या नकलाही मुबलक होत्या आणि नकलेचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

साउथॉलचा_जावई:
अल्बम, हे खरे. ते माझ्या लक्षात आले नव्हते. नकलांविषयी मामांना विचारले होते, त्यांनी विषय बदलला. परंतु अल्बमच्या चार्टमध्ये तरी ते नाव लागले का? मग माझ्या तक्रारीचा फक्त पत्ता चुकला, तक्रार नव्हे.

चौकटीची_वही:
हीच गोष्ट मला आरंभी सांगता आली नाही. भांगडा ऐकणाऱ्या मुलाचा स्ट्रीम आज लंडनच्या मधोमध राहणाऱ्याच्या स्ट्रीमइतकाच मोजला जातो. त्यासाठी कोणाकडे डायरी पोहोचावी लागत नाही. दोनशेला एक हे प्रमाण मलाही खटकते, आणि तो बाण मी यापुढे वेगळ्या शाईने काढीन. पण या बदल्यात मला 1988 परत नको.

रविवार_संध्याकाळ:
वेगळी शाई! आपल्या औदार्यापुढे नतमस्तक आहे. ठीक आहे, 'चर्चा बंद करावी' हे वाक्य मी मागे घेतो. किराणा दुकानाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, हेही येथे लिहून ठेवतो, म्हणजे जावईबापूंना जेवण गोड लागेल. मात्र रेकॉर्ड परत ठेवणाऱ्या मुलाचे मत आपण कोठे मोजणार, याचे उत्तर कोणीही दिलेले नाही.

आणि 2015 मध्ये घोषणा रविवारवरून शुक्रवारी नेली, ती मी कामावर असताना होते. त्याबद्दल मी कोणालाही क्षमा केलेली नाही.

चौकटीची_वही:
दोन रेकॉर्डपैकी परत ठेवलेली कोणती होती?

रविवार_संध्याकाळ:
ते सांगणार नाही. ती पुढच्या आठवड्यात पहिली आली.