तुमच्या बागेत कुठल्या महिन्यात काय घडतं? आपापले अनुभव सांगा

बियाण्याच्या पाकिटावर 'लागवड : वर्षभर' असं छापलेलं असतं. तेच बी नागपूरच्या गच्चीत आणि फोंड्याच्या परसात एकाच दिवशी पेरलं तर काय होईल, हे दोन्हीकडच्या माणसांना विचारल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून हे निमंत्रण. एकच कुंडी असो की गुंठाभर परस, तुमच्याकडे ऋतू बदलताना काय होतं ते लिहा. गाव, मजला, उन्हाची दिशा, पाणी कुठलं, एवढं आवर्जून सांगा. त्यावाचून तुमचा अनुभव दुसऱ्याच्या कामाचा होत नाही.

सुरुवात मी करते. पुणे, गच्ची, मुख्यतः गुलाब. वर्षातली मोठी छाटणी पाऊस पुरता थांबल्यावर, दसरा ते कोजागिरीच्या दरम्यान. परतीचा पाऊस रेंगाळला तर पुढे ढकलते, कारण ओल्या हवेत कापलेली फांदी वरून काळी पडत खालपर्यंत वाळत जाते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला फुगीर डोळा शोधायचा, त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा आणि कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. कलमाच्या जोडाखालून आलेला रानफुटवा तिथल्या तिथे काढायचा. छाटणीपासून साधारण दीड महिन्यात पहिला बहर येतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ज्यांना गुलाब मांडायचे असतात, ते तारखेवरून उलटे दिवस मोजून छाटतात. मला पौषातली फुलं सगळ्यांत प्रिय. पाकळी जाड, रंग गडद, फूल झाडावर कितीतरी दिवस टिकतं. त्याच झाडाचं एप्रिलमधलं फूल निम्म्या आकाराचं असतं आणि दुपारपर्यंत त्याच्या कडा करपतात. अशा वेळी खताचा मारा करू नये. झाडाला तेव्हा सावली आणि पाणी हवं असतं.

ठाणे, पाचवा मजला, दक्षिणेची ग्रिल

आमच्याकडे जमीन नाही, पाऊसही थेट कुंडीत पडत नाही. ऋतू कळतो तो उन्हावरून. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा ऊन ग्रिल ओलांडून पार सोफ्याच्या पायाशी येतं. फेब्रुवारीपासून ते मागे सरकू लागतं. संक्रांत, होळी आणि पाडवा या तिन्ही सणांना मी भर दुपारी, ऊन जिथवर पोचलंय तिथे लादीवर खडूनं रेघ मारते. पाडव्याची रेघ उंबरठ्याच्याही बाहेर पडते. मेच्या मध्याला सूर्य ठाण्याच्या बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा तो किंचित उत्तरेलाच असतो. वरच्या मजल्याच्या ग्रिलचा पत्रा आड येतो. त्यामुळे बाहेर अंग भाजत असताना माझ्या कुंड्यांना थेट ऊन मिळत नाही.

म्हणूनच दक्षिणेच्या ग्रिलमध्ये मोगरा लावून उपयोग नाही. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत त्याला भरपूर ऊन लागतं, आणि नेमकं तेव्हाच इथलं ऊन निघून जातं. आमचा मोगरा सासूबाईंच्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत आहे. सकाळचं कडक ऊन त्याला मिळतं, आणि एप्रिलमध्ये त्यांच्या अंबाड्यापुरती फुलं रोज संध्याकाळी निघतात. उलट मेथी, पालक, कोथिंबीर, छोटे टोमॅटो ऑक्टोबर ते फेब्रुवारी दक्षिणेच्या ग्रिलमध्ये खूष असतात. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेची. तिथे दुपारचं ऊन मे ते जुलै एवढंच डोकावतं, म्हणून पुदिना आणि विड्याचा वेल तिथे. 'माझ्या झाडाला फुलं का येत नाहीत' असं कुणी विचारलं, की मी आधी खिडकीची दिशा विचारते, खताचं नंतर.

नागपूर, गच्ची

ठाणेकर ताई, तुम्हाला ऊन शोधावं लागते, आम्हाला ते झाडांपासून अडवावं लागते. पाडवा झाला की गच्चीवर हिरवी जाळी चढवतो, ५० टक्क्यांची. त्याहून दाट लावली तर भेंडी आणि ढेमसं नुसतीच वाढतात, फळ धरत नाही. पारा ४५ च्या वर गेला की काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावता येत नाही. लोक करपलेल्या पानांकडे पाहतात, पण आधी मुळं शिजतात. म्हणून सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, पश्चिमेच्या रांगेला ओलं बारदान गुंडाळायचं, मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर द्यायचा.

पाणी पहाटे. दुपारी पानांनी मान टाकलेली दिसली तरी लगेच पाणी ओतायचं नाही, मातीत बोट घालून पाहायचं. खाली ओल असेल तर सूर्य कलल्यावर झाड आपोआप उभं राहते. आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना कधीच देऊ नका. दिवसभर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मग पानांच्या कडा जळतात आणि मातीवर पांढरी खपली धरते. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, मी नवीन काही लावत नाही. आहे ते जगवायचं. बोगनवेल तेवढी त्या दिवसांत ऐन रंगात असते. पाण्याची ओढ बसली की ती जास्त फुलते.

सांभार, म्हणजे कोथिंबीर, दिवाळीनंतर. धने पाट्यावर रगडून त्यांचे दोन दोन भाग करायचे आणि मगच पेरायचे. थंडी पडली की संक्रांतीपर्यंत विकत घ्यावा लागत नाही. उन्हाळ्यात पेरला तर जरा उंच झाला न झाला तोच फुलावर येते.

फोंडा, गोवा

आमचं सगळं चवथीवरून ठरतं. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळंभाज्या टांगलेली लाकडी चौकट, बांधायची, आणि तिच्यात घरच्या वेलाचं तवसं (मोठी काकडी), दोडकं, पडवळ हवंच हवं. मेच्या शेवटी आळी खणून त्यात शेणखत, राख, पातेरा भरून ठेवतो. पहिल्या सरींनी माती निवली की बी टोचायचं. शिवाय सात शिरांची भेंडी. फिकट हिरवी असते, वीतभर वाढली तरी कोवळी राहते. बाजारातल्या बुटक्या भेंडीला ती चव नाही, हे माझं ठाम मत आहे.

जांभ्याच्या जमिनीत पाणी तुंबत नाही हे खरं सुख, पण खतही थांबत नाही. जुलैच्या झडीत जे एकदम घालाल ते पाटातून वाहून जातं. मी ते ओंजळ ओंजळ, पंधरवड्यानं देतो. झड लागली की माश्या फिरकत नाहीत, पराग भिजून जातात, आणि तवशाची बोटभर फळं पिवळी पडून गळतात. चवथ ऑगस्टच्या अखेरीस आली की जीव टांगणीला लागतो. अधिक महिन्यामुळे ती सप्टेंबरात सरकली, तर वेलाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

शंखी गोगलगायींनी मात्र हैराण केलं आहे. एका रात्रीत रोपाचा नुसता दांडा उरतो. कुणाकडे खात्रीचा उपाय असेल तर सांगा.

लातूर

मला एकाच ऋतूबद्दल लिहायचं आहे. २०१६ चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. नळाला पाणी नाही, टँकर कधी येईल याचा नेम नाही. झाडांसाठी वेगळं पाणी काढणं शक्यच नव्हतं. आम्ही घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी अंगणात बसून ठरवलं, कुणाला जगवायचं. आई तुळस म्हणाली. बाबा लिंबू म्हणाले, कारण ते नुकतं कुठे फळाला लागलं होतं. मी कढीपत्ता म्हटलं. गुलाब आणि शेवंतीचं नाव कुणीच घेतलं नाही, आणि सगळ्यांना कळलं.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठायचं. ते फक्त या तिघांचं. लिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. बुडाला भोक, भोकात सुती चिंधीची वात, तोंडावर ताटली. पाणी थेंब थेंब मुळाशी जायचं, वरची माती कोरडीच राहायची. लिंबावरची कोवळी फळं बाबांनी स्वतः तोडली, झाडावरचा भार उतरावा म्हणून. आम्ही तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिलो. भांड्यांचं साबणाचं पाणी कण्हेर आणि सदाफुलीच्या वाट्याला गेलं, त्यांनी ते सोसलं. लिंबानं निम्म्याहून जास्त पानं टाकली. नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग आहे ना, हे बाबा रोज बघायचे.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि तिघंही वाचली. आता गच्चीचं पाणी पन्हाळीतून टाकीत घेतो. मोसमी फुलं ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढीच लावतो. टाकीत पाणी दिसत असलं तरी उन्हाळ्यापुरती यादी आम्ही माघातच करतो, आणि त्या यादीत नसलेल्या कुंड्या शेजारीपाजारी देऊन टाकतो.

कोल्हापूर

थोडक्यात लिहितो. दसऱ्याच्या तोरणातली सगळी झेंडूची फुलं निर्माल्यात टाकू नका. त्यातली काही कडकडीत वाळवून कागदात बांधून ठेवा. झेंडूला पेरल्यापासून फुलायला दोन-सव्वादोन महिने लागतात, तेव्हा पुढच्या वर्षी दसऱ्याची तारीख बघून तेवढं मागे जाऊन पेरा. आमच्या पावसात रोपं उघड्यावर सडतात, म्हणून वळचणीखाली वाढवून भाद्रपदात बाहेर काढतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, बाजूनं फुटवे येतात. संकरित झेंडूचं बी मूळ फुलासारखं निघेलच असं नाही. फूल लहान येईल, रंग बदलेल. तोरणाला ते छान दिसतं.

न्यू जर्सी

इथलं बागेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि ऑक्टोबरात पहिला फ्रॉस्ट पडला की संपतं. त्यामुळे मार्चमध्येच तळघरात दिव्यांखाली मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करते. मेमध्ये ती एकदम बाहेर ठेवत नाही. आधी सावलीत थोडा वेळ, मग रोज थोडं जास्त ऊन, असा आठवडाभर सराव.

कुंपणावर दुधी असतो. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. पतंगांच्या भरवशावर न राहता परागीभवन मी हातानंच करते. मादी फुलामागे देठाशी इवलासा लवदार दुधी असतो, नर फुलाचा देठ नुसता बारीक. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागांचा भाग मादी फुलात अलगद टेकवायचा. जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो, त्यानंतर हे काम. मुलगी टॉर्च धरते. जमलं की दोन-चार दिवसांत फळ फुगायला लागतं, नाही तर पिवळं पडून गळतं.

कढीपत्ता रात्री १० अंशांच्या खाली जायला लागल्या की घरात. हिवाळ्यात तो बरीच पानं गाळतो. तेव्हा पाणी वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. मार्चमध्ये टोकं परत फुटतात. भाऊबीजेच्या सुमारास ट्युलिपचे कंद पुरते. भारतातून बहिणी विचारतात, म्हणून सांगते : त्या कंदांना फुलण्याआधी निदान १२ आठवडे कडक थंडी लागते. पुण्या-ठाण्यात मातीत नुसते लावून ते फुलणार नाहीत. शेवंती मात्र तिथे आणि इथे एकाच इशाऱ्यावर चालते. रात्री लांबू लागल्या की कळ्या धरते. तिला जवळच्या दिव्याचा उजेड रात्रभर मिळाला तर कळ्या धरणं लांबतं. कुणाची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली असेल तर हलवून बघा.

रत्नागिरी, परसदार

फोंडेकरांनु, शंखीचा उपाय एका घराचा नाही, अख्ख्या वाडीचा आहे. पावसात संध्याकाळी बागेच्या कडेला ओली बारदानं अंथरा आणि त्यांच्याखाली कोबीची पानं, पपईची सालं टाका. दिवस उजाडायच्या आत त्या सगळ्या तिथे गोळा होतात. हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर कधीच पसरू नका, ती जागा वर्षभर नासते. मुलांना हात लावू देऊ नका, त्यांच्या अंगावरून रोग येऊ शकतो. एकेक शंखी शेकड्यांनी अंडी घालते, म्हणून माती उकरताना ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी-पिवळी अंडी दिसली तर तीही त्याच बादलीत.

खरं काम शिमग्यानंतरचं. उन्हाळ्यात त्या शंखाचं तोंड बंद करून दगडांच्या ढिगात, गडग्याच्या फटीत, जुन्या लाकडांखाली पडून असतात. तेव्हा ते ढीग हलवले की पावसाळ्यातली निम्मी लढाई टळते. आमच्या वाडीत शेजारची घरं मिळून एकाच आठवड्यात हे करतो, कारण एकट्यानं आपलं परस साफ केलं तर बाजूच्या परसातून त्या परत येतात. शेजाऱ्यांशी मिरगाच्या बऱ्याच आधी बोलून ठेवा. भात लावणी सुरू झाली की कुणाला सवड मिळत नाही.