मोजणी बंद करा म्हणणाऱ्यांना

रानवाट: काल दुसऱ्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं, ‘गरीब देशांत माणसं कशाने मरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, सर्व्हे थांबवा, पैसा औषधांवर घाला.’ वाचून डोकं फिरलं. ठाऊक कसं असेल? जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दहापैकी चार मृत्यूंची नोंदच होत नाही. टांझानियात रुफिजी आणि मोरोगोरो जिल्ह्यांत १९९० च्या दशकात घरोघरी विचारलं, कोण कशाने गेलं. अकाली मृत्यूंनी वाया गेलेल्या आयुष्याच्या वर्षांपैकी सुमारे ३० टक्के मलेरियाच्या खात्यात, आणि मलेरियावर खर्च आरोग्याच्या बजेटच्या ५ टक्के! पैसा तिकडे वळवला, पाचेक वर्षांत बालमृत्यू ४० टक्क्यांहून जास्त घटले.

खडूफळा: तो ‘एक’ मीच. रुफिजीत मुलं वाचली ती मच्छरदाण्यांनी आणि औषधांनी, तक्त्यांनी नाही. २०२३ मध्ये सुमारे २,६०,००० बाया गरोदरपणात-बाळंतपणात गेल्या, त्यातल्या ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. रक्तस्राव, बीपी, जंतुसंसर्ग. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं, ते थंड ठेवायला फ्रिज लागतो. अजून किती मोजायचं?

निशिगंध: मोजतं कोण, ते कुणी विचारतच नाही. मी नर्स होते. एकाच बाळंतिणीची माहिती तीन रजिस्टरांत, वर ॲपमध्ये. बाई कळा देतेय आणि फोन येतो, कालचा रिपोर्ट कुठाय? एकदा बीपीचे रकाने रिकामे गेले तर नोटीस आली. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचं बीपी १२०/८०. तुमचे रंगीत नकाशे त्यावरच बनतात.

अर्धविराम: ताई, ही फसवणूक झाली. वाढलेलं बीपी कागदावर दिसलंच नाही, तर वरून औषध येणार कसं?

निशिगंध: फसवणूक? शब्द जपून वापरा. यंत्र बंद होतं. लेखी मागणी दर महिन्याला जात होती. ‘यंत्र बंद’ लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती, आकडा टाकल्याशिवाय ॲप पुढे सरकत नव्हतं. तिथे बसून दाखवा, मग बोला.

अर्धविराम: शब्द मागे घेतो. आकडा खोटा होता, हे मात्र कायम.

रानवाट: खोटा आकडा पकडायलाही आकडेच लागतात. पल्स ऑक्सिमीटरचं उदाहरण घ्या, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता त्या यंत्रातून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटलेली दिसली. सगळ्यांची एकच सरासरी काढली असती तर कुणाला कळलंच नसतं.

खडूफळा: ऑक्सिमीटरचं मान्य, करावंच लागेल. रुफिजीचं अर्धं मान्य: तिथे आकडे बघणारे आणि पैसा खर्च करणारे जिल्ह्याचेच लोक होते. बाकी ठिकाणी? १९८४ पासून ९० हून जास्त देशांत चाललेले डीएचएस सर्व्हे, म्हणजे घरोघरी जाऊन लोकसंख्या आणि आरोग्याची माहिती घेणारे सर्व्हे, २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने पैसा थांबवताच अडकले. परक्याच्या खिशावर चालणारी मोजणी ही अशी.

रानवाट: मग ती त्या देशांनी स्वतःच्या हातात घ्यावी, असं म्हणा. बंद करा कशाला म्हणता?

निशिगंध: बंद करा असं मीही म्हणत नाही. रजिस्टर एकच ठेवा. यंत्र चालू आहे का, फ्रिज थंड आहे का, ऑक्सिटोसिन किती उरलं, हे त्यातच लिहू द्या. आणि आमच्या मागणीला वरून किती दिवसांनी उत्तर आलं, तेही मोजा. तो रकाना कुठल्याच ॲपमध्ये बघितला नाही मी.