मदत हवी आहे: श्रीमंत तरुणाला ‘सगळं विकून टाक’, मग जक्कयाचं अर्धंच कसं चाललं?

मार्काच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) १०:१७-३१ वर बायबल अभ्यास घ्यायचाय आणि एका जागी अडकलोय. तो श्रीमंत माणूस येशूकडे धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनाचं वतन कसं मिळेल ते विचारतो. आज्ञा लहानपणापासून पाळल्याचं सांगतो. येशू त्याला खोटं पाडत नाही. उलट त्याच्याकडे निरखून पाहून त्याच्यावर प्रीती करतो, आणि मग सगळं विकून गरिबांना द्यायला सांगतो. (हे निरखून पाहणं फक्त मार्कातच आहे. मला तिथून पुढे जाववत नाही.)

लूकात हाच प्रसंग १८व्या अध्यायात येतो. लगेच १९व्यात जक्कय हा श्रीमंत जकातदार निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, फसवलेल्यांना चौपट परत करतो, आणि आज या घराला तारण मिळालं असं येशू म्हणतो.

मत्तय, मार्क, लूक तिन्ही शेजारी ठेवून वाचले. इफिस २:८-९ माहीत आहे, कृपेनेच तारण हे मान्यच आहे. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू इथे म्हणतो; त्यावर ‘सुईचं नेढं म्हणजे यरुशलेमचा छोटा दरवाजा’ हे उत्तर कृपया नको, अशा दरवाजाचा पुरावा नाही. ‘पैसा नाही, पैशाचा लोभ वाईट’ एवढ्यानेही भागत नाही, कारण तिथे आज्ञा विकण्याचीच आहे.

गटात नोकरदार, कर्जदार, लेकुरवाळे आहेत. त्यांना ‘हे फक्त त्या तरुणासाठी होतं’ असं सांगायचं असेल, तर मजकुरातला कोणता शब्द त्याला आधार देतो? आणि ते सर्वांसाठी असेल, तर जक्कयाचं अर्धं पुरेसं कसं ठरलं?