मेटल सुटलं, पण जीव अजून त्यातच आहे

कॉलेजची चार-पाच वर्षं मी हेवी मेटल संगीताशिवाय दुसरं काही ऐकलंच नाही म्हटलं तरी चालेल, आयर्न मेडन, ब्लॅक सॅबथ, मेटॅलिका, स्लेयर, या बँडच्या कॅसेटी पार घासून टाकल्या होत्या. मग नोकरी, संसार, आणि कधी सुटलं ते कळलंच नाही. कंटाळा आला असंही नाही, नुसतं सुटलं.

२२ जुलै २०२५ ला सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. बातमी वाचून रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावला आणि सॅबथचा पहिला अल्बम काढला, १९७० चा. आधी पाऊस, लांबून घंटा, आणि मग गिटारचे ते तीन सूर. अंगावर सर्रकन काटा आला. ड्रम कुठे येणार, ऑझी कुठे तोंड उघडणार, सगळं अंगात तसंच होतं! पण दुसऱ्या दिवशी दोन-तीन नवे बँड लावून बघितले तर मन लागेना.

तुमच्यापैकी कोणी सोडून परत आलंय का? नवीन ऐकावं की जुनंच धरून राहावं?

प्रतिसाद १
ते तीन सूर वाजवणाऱ्या हाताची गोष्ट माहितीये ना? सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या. पुढे सॅबथच्या १९७१ च्या अल्बमला काही गाण्यांत तारा दीड स्वर खाली उतरवल्या, दाबायला सोप्या जाव्यात म्हणून, आणि त्यातून तो जाडजूड आवाज आला. मी स्वतः गिटार वाजवतो, हे कळल्यापासून तो अल्बम मला वेगळाच ऐकू येतो. तुम्ही जुनंच ऐका, पण एकदा फक्त गिटारवर कान ठेवून ऐका.

प्रतिसाद २
मी परत आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड वाजवत होता, मी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर उभीच राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचंच सगळं ऐकत सुटले, तिथून ओपेथ, मग मास्टोडॉन. ठरवून नवीन ऐकायला गेलात तर नाही लागणार मन, एखादं आपणहून भेटतं.

प्रतिसाद ३
माझं मत जरा वेगळं आहे, नवं-जुनं सोडा, अख्खा अल्बम ऐका. गाणी तुकड्या-तुकड्यात ऐकतो ना आपण हल्ली, तिथेच सगळं हरवतं. मेटॅलिकाचा मास्टर ऑफ पपेट्स घ्या, १९८६ चा, आठ गाणी, साधारण ५५ मिनिटं. सातवं ओरायन, त्यात शब्दच नाहीत. मधे सगळं थांबतं आणि त्यांच्या क्लिफ बर्टनचा बास गिटार एकटाच हळू चालत येतो. त्याच सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला तो, २४ वर्षांचा होता. मला आजही तो तुकडा दुसरं काही करत असताना ऐकवत नाही.

मूळ धागाकर्ता
काल ऐकला, पहिल्यापासून. घरी पोचलो तेव्हा ओरायन नुकतं सुरू झालं होतं, खाली गाडीतच बसून राहिलो. बास आला तेव्हा डोळे मिटले. वरून दोनदा फोन आला, शेवटचं गाणं पूर्ण होईपर्यंत उतरलो नाही. आज सॅबथचा १९७१ वाला लावतोय, फक्त गिटारवर कान ठेवून.